बीपीचा आकडा वाचणार कोण?

चंदगडहून कोल्हापूरला किडनीच्या ओपीडीला यायचं म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास आणि त्यासाठी पहाटेची एसटी. माणूस उपाशी असतो, कारण ‘रक्त द्यायचंय, काही खाऊन येऊ नका’ असं मागच्या वेळी सांगितलेलं असतं. उपाशी म्हणजे गोळीसुद्धा नको, असा अर्थ त्याने काढलेला असतो. त्यामुळे सकाळची बीपीची गोळी घरच्या डबीतच राहते. मग केस पेपरची रांग, जिना, गर्दीचा व्हरांडा. लघवीला गेलो तर नंबर जाईल ही धास्ती. शेवटी कुणीतरी स्टुलावर बसवतं, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतं आणि ‘मीठ कमी केलं का?’ असं विचारत विचारत बीपी मोजतं. १७२/९८. डॉक्टरांपुढे एवढाच आकडा असतो. ते एक गोळी वाढवतात आणि महिन्याने यायला सांगतात.

या आकड्यात किती भेसळ आहे ते बघा. भरलेल्या मूत्राशयाने वरचं बीपी दहाच्या आसपास चढतं. मोजताना बोलत राहिलं तरी जवळपास तेवढंच. हात हृदयाच्या पातळीपेक्षा अडीच सेंटीमीटर खाली लोंबला की साधारण दोन अंक वाढतात, म्हणजे मांडीवर ठेवलेला हात फुकटचे दहा अंक देऊ शकतो. पाठीला टेका नाही, पाय अधांतरी, त्याचे आणखी थोडे. आणि या सगळ्याच्या वर ती न घेतलेली गोळी. घरी गेल्यावर हाच माणूस जुन्या गोळ्यांसोबत नवी गोळी नियमाने घेतो, आठ दिवसांनी गोठ्यात वाकून उठताना त्याला घेरी येते, आणि ‘गोळीनं त्रास होतोय’ म्हणून तो सगळ्याच गोळ्या बंद करतो.

याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त घातक असतं. सकाळी गोळी घेऊन आलेला रुग्ण अकरा वाजता तपासला जातो, तेव्हा औषधाचा अंमल भरात असतो. आकडा येतो १२८/७८. सगळे समाधानी. निरोगी माणसाचं बीपी रात्री झोपेत उतरतं. किडनीच्या बऱ्याच रुग्णांचं ते उतरत नाही, काहींचं वाढतंसुद्धा. ओपीडीत हे कधीच दिसत नाही. दवाखान्यात नॉर्मल आणि घरी जास्त असलेल्या या बीपीला डॉक्टर ‘लपलेलं बीपी’ म्हणतात. कॅनडात टोरंटोमध्ये किडनीचा आजार पुढच्या टप्प्यात गेलेल्या ४७ रुग्णांना सहा महिने मोबाइलवरची नोंद व्यवस्था देऊन बघितली गेली. त्याचा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. दवाखान्यात ज्यांचं बीपी ठीक दिसत होतं, त्यांतल्या सुमारे चौथाई लोकांचं घरचं बीपी वाढलेलं निघालं. अभ्यास छोटा आहे, पण ज्यांच्यासाठी आपण बोलतो आहोत त्याच रुग्णांचा आहे.

म्हणून किडनीच्या रुग्णाचं बीपी घरी मोजलं जावं आणि मोबाइलवरून ते दवाखान्यात पोचावं, याबद्दल आता वाद घालायचं कारण उरलेलं नाही. वाद घालायला हवा तो पुढच्या पायरीवर. मोबाइल म्हटलं की आपल्याकडे अ‍ॅप बनवण्याची घोषणा होते, उद्घाटन होतं, रुग्णाच्या फोनमध्ये ते टाकून दिलं जातं. पलीकडे आकडा वाचून गोळीबद्दल निर्णय घेणारं माणूस नेमलेलं नसतं. आमचं म्हणणं सरळ आहे: पैसा आधी चांगल्या पट्ट्यावर आणि आकडा वाचणाऱ्या नर्सवर खर्च करा. अ‍ॅपचं नंतर बघू. कोल्हापूर जिल्ह्यात हे करता येण्यासारखं आहे आणि त्यासाठी नवं काही शोधून काढावं लागत नाही.

किडनीच्या रुग्णासाठी बीपी एवढं महत्त्वाचं का? वाढलेलं बीपी किडनीच्या बारीक गाळण्या खराब करतं, आणि खराब झालेली किडनी मीठ-पाणी नीट बाहेर टाकू शकत नाही म्हणून बीपी आणखी वाढवते. रेनिनसारखी रसायनंही त्यात भर घालतात. दोघं एकमेकांना ओढत खाली नेतात. किडनीच्या जुन्या आजाराच्या दहापैकी आठ रुग्णांना बीपीचा त्रास असतो तो यामुळे. आणखी एक गोष्ट रुग्णांना फारशी सांगितली जात नाही. किडनीच्या आजारातली बरीच माणसं डायलिसिसपर्यंत पोचण्याआधीच हृदयविकाराने जातात. अमेरिकेतल्या २०१५ च्या ‘स्प्रिंट’ चाचणीत वरचं बीपी १२० च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा हृदयाचे आजार आणि मृत्यू कमी झाले. किडनी बिघडण्याचा वेग मात्र तेवढ्याने कमी झाला नाही. तेव्हा ‘बीपी सांभाळा, डायलिसिस टळेल’ असं छातीठोकपणे कुणी सांगू नये. लघवीतून प्रथिनं जात असतील तर टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारख्या गोळ्या डायलिसिस लांबवतात, हे खरं आहे. आणि बीपी ताब्यात राहिलं तर हार्ट अटॅक आणि लकवा यांची शक्यता नक्की घटते. एवढं कारण पुरेसं आहे.

आता आकडा वाचणाऱ्या माणसाबद्दल. घरी बीपी मोजण्यावर झालेल्या २५ चाचण्यांचा एकत्र हिशेब २०१७ साली मांडला गेला. रुग्णाने नुसतं घरी मोजलं, पुढे काहीच झालं नाही, तेव्हा वरचं बीपी सरासरी एका अंकाने उतरलं. म्हणजे उतरलंच नाही. मोजण्याला गोळ्यांचा बदल, फोनवरचा सल्ला, सततचा पाठपुरावा यांची भक्कम जोड मिळाली, तेव्हा ते सहा अंकांनी उतरलं. दुसरा दाखला इंग्लंडमधल्या २०१८ सालच्या चाचणीचा. ११८२ रुग्णांचे तीन गट होते. एका गटाचं नेहमीसारखं दवाखान्यातल्या आकड्यावर भागवलं. दुसऱ्याने घरी मोजून कागदावर लिहिलं. तिसऱ्याने घरी मोजून फोनवरून पाठवलं, आणि तेही साध्या एसएमएसने. वर्षभराने पहिल्या गटाचं सरासरी वरचं बीपी १४०.४, कागदवाल्यांचं १३७ आणि एसएमएसवाल्यांचं १३६ होतं. कागद आणि फोन यांच्यात वर्षअखेर फरक नगण्य. दोन्हीकडे डॉक्टरांनी घरचे आकडे प्रत्यक्ष वापरून गोळ्या बदलल्या होत्या, म्हणून दोन्हीकडे बीपी उतरलं. या चाचणीकडे बघून कुणी म्हणेल, मग फोन हवाच कशाला, वहीच द्या. त्याचं उत्तर अंतरात आहे. वही महिन्याने ओपीडीत येते, एसएमएस त्याच दिवशी येतो. चंदगड, शाहूवाडी, गगनबावडा, आजरा या तालुक्यांतल्या माणसाला गोळी बदलण्यासाठी एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं घालवायला लागू नये, एवढ्यासाठी फोन.

आपल्या गावांना ही पद्धत समजावून सांगायला वेळ लागणार नाही. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध जातं, दर वेळी फॅट लागतं, नोंद होते, दहा दिवसांनी बिल निघतं. फॅट मोजून चिठ्ठी दिली आणि दर त्यावर ठरलाच नाही, तर कोणता शेतकरी दुसऱ्या दिवशी रांगेत उभा राहील? बीपीचंही तसंच आहे. पाठवलेल्या आकड्यावर कुणी काही बोलत नाही हे कळलं, की रुग्ण पंधरा दिवसांत मोजणं सोडून देतो. त्याला आळशी म्हणण्यात अर्थ नाही.

मशीनपासून सुरुवात करू, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. दंडावर बांधायचं, आपोआप फुगणारं डिजिटल मशीन घ्यावं, मनगटाचं नको. बोटाला लावायचं तर नकोच. दोन हजारांच्या आसपास चांगलं मशीन मिळतं. त्या मॉडेलची अचूकतेची स्वतंत्र चाचणी झाली आहे का ते ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळावरच्या तपासलेल्या मशीनच्या यादीत बघता येतं. रुग्णाला हे जमणार नाही, पण दवाखान्याने दोन-तीन मॉडेलची नावं लिहून भिंतीवर लावणं अवघड नाही. ब्लूटूथची गरज नाही. मशीनमध्ये मागची तीस-साठ मापं साठवण्याची सोय मात्र हवी, आणि नवरा-बायको दोघं एकच मशीन वापरत असतील तर दोन माणसांची वेगळी नोंद ठेवणारं हवं. घरोघर होणारा घोळ हाच असतो: आजोबांच्या नोंदीत आजीचे आकडे.

पट्ट्याचं माप मशीनपेक्षा महत्त्वाचं. दंडाच्या मध्यावर शिंप्याच्या टेपने घेर मोजा. २२ ते ३२ सेंटीमीटर असेल तर खोक्यात येणारा नेहमीचा पट्टा चालतो. त्याहून जाड दंडाला मोठा पट्टा वेगळा मागवावा लागतो; लहान पट्टा आवळला तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं. डायलिसिसवरच्या वाळलेल्या म्हातारीचा दंड वीसचा असतो, तिला नेहमीचा पट्टा सैल बसतो आणि बीपी खोटं कमी दिसतं. औषध दुकानदार यातलं काही विचारत नाही, खोकं देतो. पट्ट्याचं वेल्क्रो सैल झालं, नळीला चीर गेली किंवा सेल उतरले की मशीन आधी एरर दाखवायला लागतं आणि मध्येच विचित्र आकडे देतं. वर्षातून एकदा मशीन ओपीडीत आणून तिथल्या मशीनसोबत ताडून बघावं.

डायलिसिससाठी हाताची नस जोडून फिस्टुला केलेला असेल तर त्या हाताला पट्टा कधीही बांधायचा नाही. फिस्टुला अजून व्हायचा असेल आणि डॉक्टरांनी एक हात राखून ठेवायला सांगितला असेल, तर तो हातही सोडून द्यायचा. घरच्यांना हे माहीत असतं, पण गावातल्या बीपी तपासणी शिबिरात कुणी विचारत नाही. दोन्ही हातांना फिस्टुला होऊन गेले असतील तर कुठे मोजायचं हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

मोजायची पद्धत सोपी, पण तंतोतंत हवी. अर्धा तास आधीपासून चहा, तंबाखू, मशेरी, कष्टाचं काम नाही. लघवी करून यायचं. पाठ टेकून खुर्चीत बसायचं, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नको. गावाकडे खाली बसायची सवय असते. खुर्ची नसेल तर भिंतीला टेकून बसावं आणि हात उशीवर किंवा डब्यावर छातीच्या पातळीला ठेवावा. बाही वर दुमडली आणि ती दंडाला आवळत असेल तर शर्ट काढलेला बरा. पट्ट्याची खालची कड कोपरापासून दोन बोटं वर. मग पाच मिनिटं गप्प. टीव्ही बंद, फोन बाजूला. एक माप, एक मिनिट थांबून दुसरं माप. दोन्ही लिहायची, चांगलं दिसणारं एक निवडायचं नाही. सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, रात्री जेवणाआधी किंवा झोपण्याआधी, रोज तीच वेळ. पडद्यावर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार आली तर ते आवर्जून कळवायचं. तेव्हा मशीनचा आकडा भरवशाचा नसतो आणि हृदयाचा आलेख काढायला हवा.

रोज वर्षभर मोजायची गरज नाही. रोजच्या मोजण्याने माणूस आकड्याच्या नादी लागतो, दिवसातून दहा वेळा पट्टा बांधतो आणि भीतीनेच बीपी चढवतो. ओपीडीच्या आधीचे किंवा गोळी बदलून दोन-तीन आठवडे झाल्यानंतरचे सात दिवस मोजावं. सकाळी दोन, रात्री दोन अशी २८ मापं होतात. पहिल्या दिवसाची चार सोडून द्यायची, कारण नवखेपणाने ती जास्त येतात. उरलेल्या २४ ची सरासरी हा खरा आकडा. दवाखान्यातल्या १४०/९० ला घरच्या सरासरीत साधारण १३५/८५ चा जोड आहे. किडनीच्या बहुतेक रुग्णांसाठी त्याहून खाली, १३०/८० च्या आसपास किंवा त्याखाली जायचं असतं. केडीआयजीओ या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये वरचं बीपी १२० च्या खाली असं लिहिलं आहे. पण ते दवाखान्यात काटेकोर पद्धतीने मोजलेल्या बीपीसाठी आहे. ते वाचून कुणी घरच्या मशीनवर ११८ गाठण्यासाठी गोळ्या वाढवू नयेत. ऐंशीच्या आजोबांचं ध्येय वेगळं, चाळिशीतल्या यंत्रमाग कामगाराचं वेगळं. प्रत्येकाचा आकडा डॉक्टरांनी त्याच्या कार्डावर लिहून द्यावा.

आकडे पाठवायचे कसे? स्मार्टफोन असेल तर पडद्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपने. हाताने लिहून पाठवलेल्या आकड्यांत १३०/८० फार येतात, कारण माणूस गोल करतो आणि डॉक्टरांना बरं वाटेल असं लिहितो. फोटोत ते होत नाही. साधा फोन असेल तर ‘१४२ ८६ १३८ ८४’ एवढा एसएमएस किंवा फोनवर वाचून दाखवणं. बऱ्याच घरांत स्मार्टफोन मुलाकडे असतो आणि मुलगा दिवसभर कारखान्यात किंवा पुण्यात. आईचे आकडे त्याच्या सोयीने जाणार असतील तर ती व्यवस्था टिकत नाही. अशा ठिकाणी आशाताईंचा किंवा उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचा फोन हा मार्ग आहे, आणि त्यांच्या या कामाची वेगळी नोंद आणि मोबदला ठरायला हवा. आधीच त्यांच्या माथ्यावर पोर्टल आणि नोंदवह्या कमी नाहीत. एक पथ्य मात्र पाळायचं. गटात आकडे टाकायचे नाहीत. गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाच्या किडनीचा आजार जाहीर झाला की लग्नाच्या बोलण्यांपर्यंत त्याचे परिणाम जातात. दवाखान्याचा एकच वेगळा नंबर, त्यावर ज्याचा त्याने पाठवायचं.

फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या अ‍ॅपबद्दल इथेच स्पष्ट बोललं पाहिजे, कारण अशी अ‍ॅप फुकट मिळतात आणि लोक त्यांवर विश्वास ठेवतात. असंच एक गाजलेलं अ‍ॅप अमेरिकेत तपासलं गेलं आणि २०१६ साली निष्कर्ष छापून आले: ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं, त्यांतल्या दहापैकी जवळपास आठ जणांना त्याने ‘वाढलेलं नाही’ असं सांगितलं. किडनीच्या रुग्णाने असं अ‍ॅप फोनमध्ये ठेवूच नये. फोनचं काम निरोप पोचवण्याचं. मोजायचं काम दंडावरच्या पट्ट्याचं.

आता पलीकडची बाजू. समजा एका ओपीडीत डायलिसिस सुरू न झालेले किडनीचे दोनशे रुग्ण या व्यवस्थेत घेतले आणि प्रत्येकाने महिन्यातला एक आठवडा मोजायचं ठरवलं. म्हणजे आठवड्याला पन्नास सरासऱ्या. त्यांतल्या एक तृतीयांश ध्येयाबाहेर गेल्या असं धरलं तर सतरा फोन. फोनला दहा मिनिटं लागली तरी तीन तासांच्या आत काम होतं. ज्यांनी आकडेच पाठवले नाहीत त्यांना विचारायला आणखी तासभर. आठवड्याला चार तास, एक प्रशिक्षित नर्स, एक फोन, एक तक्ता.

त्या दहा मिनिटांत नर्सने गोळी वाढवायची घाई करायची नाही. आधी विचारायचं, गोळ्या घेता का, कोणत्या, कधीपासून संपल्या आहेत. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने पायाला सूज येते. रुग्णाला वाटतं किडनी बिघडली, आणि तो ती गोळी सोडतो. हे तो ओपीडीत सांगत नाही, फोनवर सांगतो. मग दुखण्याची गोळी. ऊसतोडीने कंबर धरली किंवा मागावर उभं राहून गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असिक्लोफेनॅक येतं. यांनी बीपी चढतं, बीपीच्या गोळ्यांचा असर कमी होतो आणि किडनीला थेट इजा होते. बीपी अचानक चढल्याचं कारण अनेकदा या पुडीत सापडतं.

आणि मीठ. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. आपल्या ताटात ते भाजीत कमी आणि बाजूला जास्त असतं: खर्डा, लोणचं, पापड, कांदा-लसूण चटणी, भडंग, मिसळीचा कट. ‘भाजीत मीठ कमी केलंय’ हे उत्तर खरं असतं आणि पुरेसं नसतं. म्हणून फोनवर ‘काल दिवसभर काय काय खाल्लं’ असं विचारावं. जत्रा, आषाढातल्या पार्ट्या, लग्नसराई यांच्या आठवड्यात आकडा चढतो तो रश्शाच्या दोन-तीन वाट्यांनी. त्यासाठी कायमची गोळी वाढवायची नसते. बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ मात्र सुचवायचं नाही. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं आणि किडनीच्या रुग्णात ते साठून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सैंधव मिठाने बीपी वाढत नाही हाही गैरसमज आहे. तेही मीठच.

एवढं विचारूनही सरासरी जास्तच असेल तर डॉक्टरांनी गोळी बदलावी, आणि बदल फोनवर कळवला तरी लेखी चिठ्ठी पाठवावी. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल या जातीची गोळी सुरू केली किंवा वाढवली तर दोन ते चार आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायचंच. क्रिएटिनिन तीस टक्क्यांपर्यंत वाढलं तर बहुधा घाबरायचं कारण नसतं, त्यापुढे थांबून विचार करावा लागतो. ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणी होऊन तिचा फोटो त्याच नंबरवर आला तर कोल्हापूरची फेरी वाचते. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, खाणं-पिणं बंद पडलं, तर पाणी कमी झालेल्या शरीरात याच गोळ्या किडनीला झटका देतात. त्या दिवशी थांबून वाट बघायची नाही, फोन करून कोणती गोळी किती दिवस बंद ठेवायची ते विचारायचं.

धोक्याचे नियम नर्सच्या टेबलावर आणि रुग्णाच्या कार्डावर एकसारखे हवेत. वरचं १८० किंवा खालचं ११० च्या पुढे गेलं तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजायचं. तेवढंच राहिलं आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, धूसर दिसणं, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं यांपैकी काही असेल तर फोनवर बोलत बसायचं नाही, १०८ बोलवायची. त्रास काही नसेल तर त्याच दिवशी दवाखान्याला कळवायचं. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकायची जुनी सवय काही ठिकाणी अजून आहे. त्याने बीपी एकदम कोसळतं आणि मेंदूचा, हृदयाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. वरचं १०० च्या खाली आणि चक्कर, हेही कळवायचंच. आणि रुग्णाला एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवायची: हा नंबर रात्री दोनला कुणी बघत नाही. आकडा पाठवला म्हणजे कुणीतरी बघतच असेल, या भरवशावर माणूस घरी थांबून राहिला तर व्यवस्था उलटी अंगावर येईल.

डायलिसिसवरच्या रुग्णांचं गणित वेगळं असल्याने त्यांना याच नियमांत कोंबू नये. त्यांचं बीपी मुख्यतः अंगात साठलेल्या पाण्याचं असतं. डायलिसिसच्या आधीचा आणि नंतरचा आकडा फसवा. मधल्या दिवसांचा घरचा आकडा खरा. त्यांनी बीपीसोबत रोजचं वजन पाठवायला हवं. दोन डायलिसिसमध्ये वजन तीन-चार किलो वाढत असेल तर उपाय गोळीत नाही. मीठ-पाणी आवरणं आणि ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, पुन्हा ठरवणं यांत आहे.

हे परवानगीच्या अडचणीमुळे अडलेलं नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी फोन, मेसेज आणि व्हिडिओवरून सल्ल्याला मान्यता दिली आहे. सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाचा त्याच आजारासाठी फोनवर पाठपुरावा त्यात बसतो. अनुभवही शेजारीच आहे. २०१७ साली सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांमध्ये सातारा आणि सिंधुदुर्ग होते. तिथे ‘सिंपल’ नावाचं अ‍ॅप रुग्णाच्या नव्हे, नर्सच्या हातात दिलं गेलं, आणि तारीख उलटूनही न आलेल्या रुग्णांची यादी तिच्यापुढे आली. फोन कुणाच्या हातात द्यायचा, याचं उत्तर आमच्या मते त्यात आहे.

अडलं आहे ते पैशाच्या वाटपात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस मिळतं, आणि ते मिळायलाच हवं. त्यावर हजारो घरं उभी आहेत. पण योजना ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजला पैसे देते. घरच्या बीपी मशीनला आणि नर्सच्या फोनला त्यात जागा नाही. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ वेळा डायलिसिस. एका वेळचे दीड हजार धरले तरी एका रुग्णाचे २ लाख ३४ हजार. दोनशे मशीनना दोन हजारांप्रमाणे ४ लाख लागतात, आणि मशीन काही वर्षं चालतं. दोन रुग्णांच्या एका वर्षाच्या डायलिसिसपेक्षा हा खर्च कमी आहे. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून, साखर कारखाने आणि दूध संघांच्या सामाजिक खर्चातून मशीन येऊ शकतात. नर्सचे चार तास मात्र देणगीवर चालवू नयेत. देणगी आटली की फोन उचलणं बंद होतं. ते तास सरकारी रुग्णालयाच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या कामाच्या तक्त्यात लिहिले जावेत, जसे डायलिसिसच्या पाळ्यांचे लिहिले जातात.

सुरुवात दोनशेनेही करू नये. लांबच्या एका तालुक्यातले तीस रुग्ण घ्यावेत. मशीन देण्याआधी प्रत्येकाला ओपीडीतच दोनदा स्वतः मोजायला लावावं, दंडाचा घेर मोजून पट्टा द्यावा, आणि खोक्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवावा: कोणत्या हाताला बांधायचं, ध्येयाचा आकडा, १८० च्या पुढे काय करायचं, नर्सचा नंबर आणि ती फोन उचलते ते वार आणि वेळ.